चौकडीच्या वहीतली चादर

आमच्या चौथीच्या वर्गासाठी या हिवाळ्यात सहा शनिवारांची एक कार्यशाळा झाली. विषय होता आपली संस्कृती: हस्तकला आणि मुलांचं स्वतःचं लेखन. बाहेरगावाहून एक ताई आणि एक दादा यायचे, परिपाठ आटोपला की दोन तास घ्यायचे आणि साहित्याच्या पिशव्या आवरून निघायचे. एका मुलामागे 180 रुपये; कागद, रंग, गोंद सगळं त्यांचं. त्यातले 50 रुपये पालकांनी भरले, उरलेले शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी दिले. तेव्हापासून आसपासच्या शाळांतले शिक्षक विचारतात, "बाई, आम्ही पण घ्यावी का?" फोनवर नुसतं "घ्या" म्हटलं तर ते अर्धं उत्तर होईल. म्हणून सविस्तर लिहिते. मुलांचे उल्लेख येणार आहेत, त्यामुळे शाळेचं आणि त्या मंडळींचं नाव घालत नाही.

आधी आमचा वर्ग कसा आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. वर्गात 41 मुलं. त्यातल्या पंचवीसेक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, सात-आठ घरी कन्नड, बाकीच्यांकडे मराठी. आजोबा-पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आलेले पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे, आज घरातली माणसं यंत्रमागावर टॉवेल-चादरी विणतात, आया आणि आज्या विड्या वळतात. खिडकी उघडी ठेवली की मागांचा आवाज वर्गात येतो. नवीन शिक्षकांना तो त्रासदायक वाटतो. मुलांना तो ऐकूच येत नाही, इतका अंगवळणी पडलेला आहे.

आणि या मुलांनी लिहिलेला "माझा आवडता सण" हा निबंध वाचला तर यातलं काहीही दिसत नाही. 41 वह्यांत दिवाळी. 41 वह्यांत दिवाळी हा सणांचा राजा, पहिल्या दिवशी वसुबारस, आई चकल्या-करंज्या करते, आम्ही नवीन कपडे घालतो. सगळं गाइडमधून उतरलेलं, शुद्ध आणि नीटनेटकं. मी एकोणीस वर्षं असे निबंध तपासले आणि त्यांना दहापैकी आठ-आठ गुण दिले. मुलांना लिहिता येत नाही असं मला कधी वाटलं नव्हतं. पण त्यांना सांगण्यासारखं काही आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, हे मला या सहा शनिवारांत कळलं.

पहिला शनिवार मात्र निराशेचा होता, तेही सांगते. विषय वारली चित्र. दादांनी तपकिरी कागद वाटले, गेरू कालवला, तांदळाच्या पिठाचं पातळ पाणी वाट्यांत दिलं. साहित्य उत्तम, त्यात कुठेही हात आखडता घेतलेला नव्हता. फळ्यावर त्यांनी काढून दाखवलं: एक त्रिकोण सुलटा, एक उलटा, वर गोल, झाला माणूस. मुलांनी भराभर माणसं काढली. मग कागदाखाली पाच वाक्यं लिहायला सांगितली. मी रांगांमधून फिरून वाचली. "आदिवासी लोक नाचत आहेत. त्यांना निसर्ग आवडतो." दहा वह्या पाहिल्या, दहाही तशाच. गाइड बदललं होतं, बाकी तेच.

मधल्या सुट्टीत चहा घेताना मी दोघांशी बोलले. म्हटलं, हे चित्र कोण काढतं, कुठे काढतं, का काढतं, यातलं काहीच मुलांपर्यंत पोचलं नाही. त्रिकोण जोडायला आम्ही गणिताच्या तासाला शिकवतोच. माझ्या बोलण्याचा राग येईल असं वाटलं होतं. पण ताईंनी वही काढून लिहून घेतलं, आणि पुढच्या शनिवारी कागदी कंदिलांचा ठरलेला विषय बाजूला ठेवून ते पुन्हा वारलीच घेऊन आले. ही एक गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे. ठरलेला कार्यक्रम मोडून मागे येणारी माणसं शाळेत फार क्वचित भेटतात.

दुसऱ्या शनिवारी ताई खाली सतरंजीवर बसल्या आणि त्यांनी लग्नाची गोष्ट सांगितली. पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नघर ठरलं की आतली भिंत सारवतात, गेरू लावतात, आणि सवाशिणी त्यावर तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. चौकात पालघाट देवी. बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करायचा. हे चित्र लग्नाचा भाग असतं, शोभेसाठी काढलेलं नसतं. एका मुलानं लगेच विचारलं, "मग माणसांनी काढलं तर चालत नाही का?" तेव्हा जिव्या सोमा मशे यांचं नाव निघालं. बायकांचं मानलं जाणारं हे काम त्यांनी हातात घेतलं, भिंतीवरून कागदावर आणलं, रोजचं जगणं त्यात घातलं, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलगा म्हणाला, "म्हणजे एकानं सुरू केलं की चालतं." ताई म्हणाल्या, "हो, पण आधी त्यानं ते नीट शिकून घेतलं होतं."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात हातानं काय काय होतं?"

वर्ग गप्प. ज्यांच्या घरी चोवीस तास हात चालतात ती मुलं गप्प. कुणीतरी "रांगोळी" म्हणालं, कुणी "आकाशकंदील". जे पुस्तकात येतं तेवढंच. शेवटी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यंही बोलली नसेल, हळूच म्हणाली, "विडी चालेल का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. तंबाखूचा विषय, चौथीचा वर्ग, अवघड वाटणं साहजिक होतं. मी म्हटलं, चालेल. तिच्या घराची चूल त्यावर चालते, तिच्या आजीची बोटं त्यात झिजलीत. ते लिहायचं नाही असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार? तिनं तपकिरी कागदावर आजी काढली. मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, हातात कातर. आजीच्या कमरेला तिनं दोन त्रिकोण जोडले नाहीत. आजी वाकलेली असते म्हणून तिचा एकच त्रिकोण, पुढे कललेला. खाली लिहिलं: "आजी पान कापते तेव्हा बोलत नाही. दोरा गुंडाळते तेव्हा बोलते. मला काही विचारायचं असलं की मी दोऱ्याची वाट बघते."

मी ते तीन वेळा वाचलं. तेव्हापासून या कार्यशाळेकडे बघण्याची माझी नजर बदलली.

तिसरा शनिवार चित्रकथीचा. कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे, तिथले ठाकर समाजाचे कलावंत सुट्या चित्रांचा गठ्ठा घेऊन बसतात आणि एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आणि एका कथेच्या चित्रांच्या संचाला म्हणायचं पोथी. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, हे दादांनी सांगितलं आणि फोटो दाखवले. यात गटानं काम होतं: पाच मुलं, आठ चित्रं, एकानं सांगायचं, एकानं स्टीलच्या ताटलीवर ठेका धरायचा. गोष्ट कुठली? "तुमच्या घरातलं पहिलं माणूस सोलापूरला कसं आलं?" यासाठी आठवडाभर आधी घरी विचारून यायला सांगितलं होतं, आणि ते सांगणं फार मोलाचं ठरलं. एक मुलगा सांगत आला की त्याचे पणजोबा करीमनगरकडून आले तेव्हा सोबत एक पितळी तांब्या होता आणि तो अजून घरी आहे. दुसऱ्या दिवशी तो तांब्या शाळेत आला. पोथीतल्या आठही चित्रांत एका कोपऱ्यात तो काढलेला होता, रेल्वेत, फलाटावर, मागाखाली.

या दिवसाची एकच तक्रार, पण खरी: कागद फार पातळ होता. पाठीला पाठ चिकटवल्यावर रंग फुटून पलीकडच्या चित्रात उतरला आणि दोन गटांच्या पोथ्या वाया गेल्या. मुलं रडकुंडीला आली. चित्रकथी घ्यायची असेल तर जाड कार्डपेपर आधीच मागून घ्या, किंवा शाळेनंच आणून ठेवा.

आता चौथ्या शनिवारबद्दल. मला विचाराल तर 180 रुपये या एका दिवसाचेच होते.

कल्पना खरं तर ताईंची नव्हती, आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांमुळे ती सुचली. त्यांनी उभं आयुष्य चादरींची डिझाइनं कागदावर उतरवण्यात घालवलं. तिसऱ्या शनिवारी नातीला न्यायला आले होते, ताई त्यांच्याशी बोलत बसल्या, आणि पुढच्या वेळी आजोबा पाहुणे म्हणून वर्गात आले. येताना जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या जुन्या पट्ट्या घेऊन आले. सोलापुरी चादर सगळ्यांनी अंगावर घेतलेली असते, तिला भौगोलिक मानांकन आहे हेही मोठी माणसं सांगतात, पण त्यातला मोर किंवा फूल मागाला कळतं कसं, हे माझ्या वर्गातल्या मागवाल्यांच्या मुलांनाही माहीत नव्हतं. मलाही धड नव्हतं.

आजोबांनी पट्टी खिडकीसमोर उजेडात धरली. "हे भोक दिसतंय? इथं सुई आत जाते. सुई गेली की तिचा धागा वर उचलला जातो. भोक नाही, सुई अडली, धागा खाली. बस. सगळी चादर एवढीच आहे, हो आणि नाही." मग त्यांनी गणिताची चौकडीची वही मागितली. एक चौकोन म्हणजे एक धागा. काळा केला तर भोक, कोरा ठेवला तर नाही. फळ्यावर चौकोन आखून त्यांनी बारा ओळींत एक पान काढलं. तिरपी रेघ काढायची तर पायऱ्या पायऱ्यांनी जावं लागतं, गोल काढायचा तर तो जवळून ओबडधोबड दिसतो आणि लांबून गोल. मुलांनी वह्या हातभर लांब धरून डोळे बारीक केले. एरवी चौकोन मोजताना जांभया देणारी मुलं ओळ चुकली म्हणून पहिल्यापासून मोजत होती.

यापुढे लेखन होतं, आणि मला धास्ती होती की आता "मी चादर बोलतेय" येणार. आत्मवृत्ताचा तो साचा आमच्याकडे पक्का बसलेला आहे: माझा जन्म अमुक कारखान्यात झाला, मी सर्वांच्या उपयोगी पडते, शेवटी माझी तुम्हाला विनंती आहे. ताईंनी तो रस्ता घेतलाच नाही. त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: "तुमच्या घरी या चादरीखाली कोण झोपतं?"

वीस मिनिटं वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज. मागांचाही होता, पण मला तो त्या वेळी ऐकू आला नाही.

एका मुलाचं जसंच्या तसं देते, त्याला आणि त्याच्या आईला विचारून: "आम्ही चौघं एका चादरीत झोपतो. मधे झोपतो त्याला चादर पुरते. कडेच्याला ओढावी लागते. मी एका कडेला आणि पप्पा एका कडेला. पप्पा रात्रपाळीला गेले की त्या कडेची चादर माझी बहीण घेते. पप्पा सकाळी आले की चादर गरम असते."

एवढंच. नऊ वर्षांच्या मुलाचं. कुठलंही विशेषण नाही, "सुंदर" नाही, "खूप छान" नाही. संस्कृती हा शब्द त्यात एकदाही नाही. पण शंभर वर्षांनी कुणाला सोलापूरच्या चादरीबद्दल जाणून घ्यायचं असेल, तर त्यानं हा कागद वाचावा असं मला मनापासून वाटतं. आजोबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मी हजारो डिझाइनं केली. खाली कोण झोपतं हा विचार नाही केला कधी."

इथे ताईंच्या कौशल्याबद्दल थोडं लिहिते, कारण इतर शिक्षकांना ते उपयोगी पडेल. त्या प्रश्न असा विचारतात की उत्तर फक्त त्या मुलालाच माहीत असतं. "तुझा आवडता सण कोणता" याचं उत्तर गाइडात आहे. "तुझ्या घरी सणाच्या दिवशी सगळ्यात शेवटी कोण जेवतं" याचं नाही. दुसरं, त्या मुलांना आधी हातानं काही करायला लावतात आणि मगच पेन्सिल देतात. हात दमलेले असले की मूल सरळ लिहितं, सजवत बसत नाही. तिसरं, लिहिताना शुद्धलेखन तपासत नाहीत. मला पहिल्यांदा ते खटकलं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची माझी सवय हाडात मुरलेली आहे. पण लाल पेन खिशात ठेवलं तेव्हा वह्या भरल्या, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आता मी पहिला खर्डा तपासत नाही. आठवड्यानं मूल स्वतः तो पुन्हा लिहितं, तेव्हा आम्ही दोघं मिळून शब्द बघतो.

पाचवा शनिवार ओव्यांचा. ताईंनी एक छोटं जातं आणलं होतं आणि किलोभर ज्वारी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मुलांचा विश्वास बसेना. एक लाख गाणी, आणि त्यातलं प्रत्येक कुठल्या तरी बाईनं दळताना रचलेलं किंवा आईकडून घेतलेलं. मग एकेकाला जात्यापाशी बसवलं. ओवीची ओळ किती लांबीची असावी हे मी फळ्यावर दहा वेळा सांगितलं असतं तरी कळलं नसतं. खुंटा धरून दोन फेरे घातले की श्वास जिथे तुटतो तिथेच ओळ तुटते. मुलगे लाजत होते, पण जातं जड आहे म्हटल्यावर ताकद दाखवायला पुढे आले, आणि मग त्यांनीही जुळवल्या.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. एका मुलीनं रचलं:

"पाचव्या दिवसाला, नळाला आलं पाणी,
आई भरते हंडे, मी भरते बरणी."

सगळा वर्ग ते म्हणायला लागला. दोन दिवसांनी पाणी आलं तेव्हा तिच्या गल्लीत बायका ती ओवी म्हणत होत्या, असं तिची आई सांगत आली. ओवी कशी पसरत असेल हे मला त्या दिवशी समजलं. एका मुलानं आजीकडून कन्नड गाणं आणलं होतं आणि विचारत होता की हे मराठीच्या तासाला चालेल का. चालेल म्हटलं. त्यानं म्हटलं आणि मग आपल्या शब्दांत अर्थ सांगितला. भाषांतर म्हणजे काय, हा धडा मला वेगळा घ्यावा लागला नाही.

याच दिवशी एका मुलीनं बतुकम्मावर लिहिलं. नवरात्रात तेलुगू घरांतल्या बायका फुलांचा उतरंडीसारखा थर रचतात, भोवती फेर धरून गातात, शेवटी ती फुलं पाण्यात सोडतात. आमच्या भागात हा सण मोठा, पण निबंधात तो मी आजवर एकदाही वाचलेला नव्हता. तिनं लिहिलं: "आजोबा पहाटे माळावर जाऊन तंगेडु आणतात. तंगेडु पिवळं असतं. ते सगळ्यात खाली ठेवायचं कारण ते सगळ्यांना धरून ठेवतं." लिहिता लिहिता थांबली आणि विचारलं, "तंगेडुला मराठीत काय?" आम्ही फोटो शोधला. तंगेडु म्हणजे आपला तरवड, माळरानावर आपोआप येणारा. ताईंनी तिलाच विचारलं, "तुला कुठला शब्द ठेवायचाय?" ती म्हणाली, "आजोबा तंगेडुच म्हणतात." मग तंगेडुच राहिलं, देवनागरीत. पूर्वी असा शब्द मी लाल शाईनं गोल करून वर मराठी शब्द लिहीत असे. किती मुलांचे किती शब्द मी असे खोडले असतील, याचं मला आज वाईट वाटतं.

सहावा शनिवार 12 जानेवारीच्या तोंडावर आला. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. आम्ही मुलांना त्यांच्या पुतळ्यांपाशी नेलं. काम एकच: चौघांपैकी एकाला एक प्रश्न विचारायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा. "तुरुंगात थंडी होती का?" "तुमच्या आईला कुणी सांगितलं?" "तुम्ही चौघं आधीपासून मित्र होता की तिथे झालात?" हे फार चांगलं चाललं होतं. पण अर्ध्या तासात आवरून परत यावं लागलं, कारण समारोपाला पाहुणे येणार होते, फोटो काढायचे होते, कागदी झेंडे रंगवायचे होते. त्या चिठ्ठ्यांचं पुढे काहीच झालं नाही. मुलांनी उत्तरं शोधायला हवी होती, मोठ्या माणसांना विचारायला हवं होतं. पूर्ण शनिवार द्यायचा तर याला, समारोपाला नव्हे.

दोनच माणसं 41 मुलांना पुरत नाहीत, हेही लिहून ठेवते. मी आणि शेजारच्या वर्गाच्या बाई सतत हाताशी होतो म्हणून निभावलं. वर्ग मोठा असेल तर तिसरं माणूस मागा. आणि गेरूचा दिवस नळाला पाणी येण्याच्या वारी ठेवा. आम्ही ठेवला नाही, आणि 41 जोड्या लाल हात घेऊन मुलं घरी गेली. पहिली-दुसरीसाठी मी ही कार्यशाळा सुचवणार नाही, लेखनाचा भाग त्यांना झेपणार नाही. तिसरी ते पाचवीला डोळे झाकून घ्या, पण ठरवताना एक अट घाला: सहापैकी निदान तीन विषय तुमच्या गावातले हवेत, आणि ते ठरवायला त्यांनी आधी एक दिवस येऊन पालकांशी बोलायला हवं. आमच्याकडे चादर योगायोगानं आली. आजोबा त्या दिवशी नातीला न्यायला आले नसते तर आम्ही त्या शनिवारी काचकागदाची फुलं केली असती.

आता पुस्तिकेबद्दल. समारोपाच्या दिवशी मुलांच्या लेखनाची छापील पुस्तिका वाटली, हेही त्याच 180 रुपयांत. कागद चांगला, चित्रं रंगीत, प्रत्येक मुलाचं काहीतरी आत. पालक हातात घेऊन उभ्या उभ्या वाचत होते. वाचता न येणाऱ्या आयांना मुलं वाचून दाखवत होती. याबद्दल त्या मंडळींचे आभार मानायला हवेत आणि मी ते मानलेही.

पण लेखन टाइप करताना कुणीतरी ते "नीट" केलं होतं. चादरीच्या कडेला झोपणाऱ्या मुलाच्या लेखात शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं: "अशी ही आमची प्रिय चादर." ओवीतली बरणी घागर झाली होती. आणि पान 14 वर बतुकम्माच्या लेखात तंगेडुच्या जागी छापलं होतं झेंडू.

ती मुलगी पुस्तिका उघडी धरून माझ्याकडे आली. रडत नव्हती. म्हणाली, "बाई, हे माझं नाही. झेंडू आम्ही विकत आणतो. तंगेडु आजोबा आणतात."

मी त्याच दिवशी ताईंना फोन केला. त्यांनाही हे माहीत नव्हतं, टाइप करणाऱ्यानं केलं होतं, पण त्यांनी ते त्याच्यावर ढकललं नाही. चूक आमची आहे, पुढच्या छपाईत मूळ शब्द येतील आणि यापुढे कुठल्याही शाळेत मुलांनी पाहिल्याशिवाय पान छापणार नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. तुम्ही कार्यशाळा घेतलीत तर हे आधीच सांगून ठेवा: छापण्याआधी प्रत्येक मुलाला त्याचं पान दाखवायचं.

सोमवारी मधल्या सुट्टीत तंगेडुवाली मुलगी, चादरीवाला मुलगा, ओवीवाली मुलगी आणि मी वर्गात थांबलो. सगळ्यांच्या पुस्तिका गोळा केल्या. जास्तीचं वाक्य तिकडे खोडलं, बरणी परत आणली. तंगेडुवालीनं निळं पेन मागून घेतलं आणि एकेका प्रतीचं 14 वं पान उघडून झेंडूवर एक रेघ मारली, वर नीट अक्षरात तंगेडु लिहिलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा एकवीस प्रती झाल्या होत्या. उरलेल्या वीस तिनं दुसऱ्या दिवशी पूर्ण केल्या.